खिळा, खुंटी आणि काथ्या

पूर्णा गावी एका घराभोवती लाकडी कुंपण घालावयाचे ठरले, तेव्हा लाकडाची निवड झटपट झाली. वाद झाला तो खिळ्यांवरून. जुन्या कुंपणाच्या फळ्या बव्हंशी शाबूत होत्या, मात्र खिळे गंजून झिजले होते आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडले होते. कुंपण लाकूड कुजून पडते अशी आमची समजूत होती. हे कुंपण मात्र सांध्यातून गेले होते. आणि सांध्याचा इतिहास या खाडीकाठाला नवा नाही.

ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथात ओमानकडील शिवलेल्या नौकांचाही. अरबी समुद्रात दीर्घकाळ फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याने शिवत असत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मूझ येथे अशाच नौका पाहिल्या. तेथील लाकूड खिळा ठोकताच मातीच्या भांड्यासारखे फुटते, असे कारण त्याने दिले आहे. लोखंडाच्या नौका ओढून घेणाऱ्या चुंबकपर्वताच्या दंतकथेपेक्षा हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या किनाऱ्यावर खिळ्यांचे प्रस्थ वाढले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली व याच परिसरात आरमाराच्या बांधणीस आरंभ झाला. त्या कामी पोर्तुगीज कारागीरही होते, हे १६५९ च्या पोर्तुगीज कागदांवरून कळते.

लोखंडाचा सांधा टिकतो की नाही, हे लाकडावरही अवलंबून असते. ओकच्या लाकडातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळा डाग पाडते व खिळा खाते. ज्या बाभळीच्या सालीने आपल्याकडे कातडी कमावतात, तिच्यातही हेच द्रव्य आहे. सागातील तेल उलट लोखंडाला जपते. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे एवढी नावाजली गेली, त्यात या गुणाचाही वाटा होता. वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे उभे आहे.

इंग्रजांना याहून महाग धडा 'अलार्म' या जहाजाने दिला. १७६१ मध्ये त्याच्या तळाला तांब्याचा पत्रा बसविला. सुमारे दोन वर्षांनी पाहिले, तो लोखंडी खिळे झिजून पत्रा जागोजाग सुटलेला. आणि जेथे पत्रा व खिळा यांच्यामध्ये कागद शिल्लक राहिला होता, तेथे मात्र खिळा धड. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना भिडले की त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो. तांब्याच्या सहवासात तो भोग लोखंडाच्या वाट्याला येतो. जस्ताच्या सहवासात तो जस्ताला येतो आणि लोखंड वाचते. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने पेटंट घेतलेल्या जस्तलेपनाचे मर्म हेच होय.

आजच्या कुंपणवाल्यालाही हा धडा उपयोगी आहे. कीड लागू नये म्हणून लाकडात तांब्याची लवणे मुरवलेली असतील, तर साधा खिळा 'अलार्म'च्या खिळ्याच्याच मार्गाने जातो. तेथे जस्ताच्या रसात बुडवून काढलेला, जाड लेपाचा खिळा हवा. नुसत्या चकाकीचा नव्हे. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेस स्टील, तेही मॉलिब्डेनम असलेले, अधिक बरे. वाऱ्याने हलणाऱ्या फळीला गुळगुळीत खिळ्यापेक्षा स्क्रू धरून ठेवतो. कडक लाकडात आधी भोक पाडावे, म्हणजे मार्को पोलोची तक्रार उरत नाही.

तथापि आमच्या मते प्रश्न केवळ धातूचा नाही. काथ्याची नौका जुनी झाली की दोर उसवून पुन्हा शिवता येई. म्हणजे सांधा सैल होणार हे गृहीत धरूनच ती घडविलेली असे, आणि शिवणारा हातही जवळच असे. एकोणिसाव्या शतकात यंत्राने खिळा स्वस्त केला, तेव्हा ठोकणे सोपे झाले आणि पुन्हा जोडण्याचा विचार मागे पडला. पूर्ण्यात आता गोदामांची दाटी आहे. तेथे खिळ्यांनी ठोकलेली लाकडी खोकी येतात, माल उतरला की फोडून टाकली जातात. कामापुरते टिकणे हाच त्या खिळ्याचा धर्म, आणि तो त्याने पाळला.

घराच्या कुंपणाचा धर्म वेगळा. आम्ही अखेर स्क्रू निवडले. ते अधिक टिकतील म्हणून, हे खरेच. परंतु उद्या एखादी फळी कुजली तर ती एकटी काढून बदलता यावी, म्हणूनही.