पेरू नावाचा पक्षी

मी आठ-नऊ वर्षांची असेन. नाताळच्या सुटीत वडील आम्हां दोघी बहिणींना घेऊन वेंगुर्ल्याहून म्हापशाला त्यांच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी गेले होते. त्या घरच्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. मावशींनी दारातच माझा गाल धरला आणि म्हणाल्या, "बाये, आयज जेवणाक पेरू आसा!" मला पेरू अतिशय प्रिय. सकाळभर मी त्या आशेवर बसले. दुपारी मेजावर आला तो एक भलामोठा भाजलेला पक्षी, आमच्या घरच्या तीन कोंबड्या एकत्र केल्या तरी भरणार नाही एवढा. सर्वांनी आनंदाने "पेरू! पेरू!" केले, आणि मी भोकाड पसरले.

माझी ती फजिती त्या घरात पुढे कितीतरी वर्षे सांगितली जात होती. पण मला आठवतो तो दुसरा दिवस. सकाळी पोदेर पाव देऊन गेला होता. मावशींनी आदल्या दिवशीच्या पक्ष्याचे उरलेसुरले मांस हाडांवरून सोडवले, कांदा, हिरवी मिरची आणि माडाचा शिर्का घालून चांगले परतले आणि गरम पावाबरोबर आमच्यापुढे ठेवले. आदल्या दिवशी ज्याला मी बोटही लावले नव्हते तेच मी दोनदा मागून खाल्ले. वडील हसून म्हणाले, "काल पाहुणा होता, आज घरचा झाला." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच पुस्तके वाचावी लागली.

पोर्तुगीज भाषेत टर्की पक्ष्याला 'पेरू' म्हणतात, आणि गोव्यात तेच नाव रुजले. आपल्या फळालाही हे नाव पोर्तुगीजांच्या वाटेनेच आले असे मानतात. म्हणजे माझ्या रडण्याला तसा ऐतिहासिक आधार होता! मौज अशी की हा पक्षी मूळचा पेरू देशाचा नव्हेच. तो मेक्सिकोचा. पण जगात ज्याने त्याने त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी गावचा ठरवले आहे. इंग्रजांना वाटले, तुर्की व्यापाऱ्यांनी आणला, म्हणून तो 'टर्की'. तुर्कस्तानात जाऊन विचारावे, तर तिथले लोक त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थही 'हिंदुस्थानचा' असाच होतो, आणि रशियन 'इंदेयका'ही त्याच घराण्यातली. डच लोकांनी तर थेट आपले कालिकत गाठले. त्यांच्या 'कालकून' या शब्दात कालिकत बंदर लपलेले आहे. कोलंबसाने अमेरिकेलाच हिंदुस्थान समजण्याची जी चूक केली, तिचे ओझे हा बिचारा पक्षी पाचशे वर्षे नावावर वागवीत आहे.

त्याचे खरे घर मात्र होते, आणि तिथे तो पाहुणा नव्हता. मेक्सिकोतील ओअहाका खोऱ्यात मितला नावाचे स्थान आहे. तेथे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली संशोधकांना टर्कीची न उबवलेली अंडी आणि नुकतीच बाहेर पडलेली पिले पुरलेली सापडली. घराच्या रक्षणासाठी वाहिलेला तो नैवेद्य असावा. म्हणजे अंगणात पक्षी पाळलेले होते, खुराडी होती, आणि अंडी मोजणारी कुणी गृहिणीही होती. पुढे अॅझटेक लोक नराला 'वेशोलोत्ल' म्हणत. आजही मेक्सिकोत 'ग्वाहोलोते' हा त्याच शब्दाचा अपभ्रंश चालतो.

बर्नार्दिनो द सहागून नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात तिथल्या लोकांकडून विचारून विचारून त्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या. त्यात खाण्याचे वर्णन वाचताना मी एखाद्या कोकणी बाजारात उभी आहे असे मला वाटले. मक्याच्या पिठात टर्कीचे मांस आणि मिरची भरून, मक्याच्याच पानात गुंडाळून उकडलेले 'तामालेस' तिथे विकायला बसत. आपण हळदीच्या पानात पातोळ्या उकडतो, त्याची ही तिखट मावसबहीण. मसाला वाटायला 'मेताते' नावाचा दगड. तो पाहिला तर कुणीही मराठी बाई त्याला पाटाच म्हणेल, फक्त त्याला तीन पाय असतात आणि वाटणारी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसते.

याच पाट्यावर 'मोले' जन्मले. 'मोल्ली' म्हणजे वाटण किंवा रस्सा. सुक्या मिरच्या, तीळ, सुकामेवा, मसाले आणि थोडे कडू चॉकलेट घालून पुएब्ला शहरात टर्कीचे जे मोले करतात, ते त्या देशाचे मानाचे पक्वान्न. बिशप अचानक भोजनाला येणार म्हणून एका मठातील जोगिणीने हाताला लागेल ते वाटून हा रस्सा केला अशी दंतकथा आहे. दंतकथाच ती. मला तिच्यात एकच खटकते. एवढे वाटण वाटायला पाट्यावर कोण बसले होते, ते त्या कथेत कुणी सांगत नाही.

इथे मला एक प्रश्न पडला. मिरची त्याच मेक्सिकोच्या बाजूची, आणि आपल्याकडे तीही पोर्तुगीजांच्याच जहाजातून आली. मिरची तर आपली इतकी झाली की ती परकी आहे असे सांगितले तर आजीबाई रागावतील. मग तोच समुद्र ओलांडून आलेला हा पक्षी पाहुणाच का राहिला?

आला तो मोठ्या थाटात. 1612 साली बादशहा जहांगीरने मुकर्रबखानाला गोव्यात मिळतील त्या दुर्मीळ वस्तू आणायला सांगितले. त्याने आणलेल्या नवलाईत एक टर्की होता. बादशहा इतका खूश झाला की त्याने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले. माजावर आला म्हणजे डोके आणि गळा पोवळ्यासारखा लाल होतो, मग कापसासारखा पांढरा, कधी पिरोजी. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिसांतले बारकावे पाहत राहावे असे चित्र आहे ते. पण तिथेच सारे थांबले. दरबारात आला, चित्रात गेला, मुदपाकखान्याचे नाव नाही.

युरोपातही तो प्रथम श्रीमंतांच्याच मेजावर चढला. इंग्लंडच्या विल्यम स्ट्रिकलंडने तर 1550 साली आपल्या कुळाच्या मानचिन्हावरच टर्की मिरवला. माझ्या मते याचे कारण साधे आहे. पाच-सहा किलोचा पक्षी रोजच्या घरात मावत नाही. त्याला पंगतच लागते.

आणि त्याला पंगत मिळवून दिली ती एका मास्तरणीने. सारा जोसेफा हेल हे नाव आपल्या वाचकांना परके वाटेल. परंतु 'मेरी'च्या मागोमाग शाळेत जाणाऱ्या कोकराची इंग्रजी कविता आपण सर्वांनी पाठ केली आहे, ती 1830 साली छापली गेली, आणि ती लिहिणारी हीच बाई. जन्म 1788 चा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरचा. मुलींना कॉलेज बंद होते. भाऊ कॉलेजात शिकून आला म्हणजे आपली पुस्तके तिला शिकवी. ती शाळेत शिकवू लागली. लग्न झाले, आणि 1822 साली पती वारला तेव्हा पदरी पाच मुले. पुढे जन्मभर तिने काळा वेष सोडला नाही. पोट भरण्यासाठी तिने लेखणी धरली. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, शाळेत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे या बाईविषयी मी निःपक्षपातीपणे लिहू शकेन असे वाटत नाही. असो.

1827 साली तिची 'नॉर्थवुड' ही कादंबरी निघाली. तीत उपकारस्मरणाच्या सणाच्या जेवणाचे एक लांबलचक वर्णन आहे. त्या मेजावर मानाच्या जागी भाजलेला टर्की. तेव्हा हा सण अमेरिकेच्या ईशान्येकडील काही राज्यांपुरताच होता, आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा. 1837 पासून चाळीस वर्षे ती एका मोठ्या स्त्रियांच्या मासिकाची संपादिका होती. त्या मासिकातून तिने वर्षानुवर्षे लेख लिहिले, राज्यपालांना लिहिले, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली: साऱ्या देशाचा एकच दिवस असू द्या. उत्तर दिले ते लिंकनने. यादवी युद्धात माणसे हजारोंनी पडत होती. 28 सप्टेंबर 1863 ला तिने पत्र लिहिले, आणि 3 ऑक्टोबरला नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्या सणाचा म्हणून जाहीर झाला. 1941 च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला.

याच बाईने 1839 साली स्वयंपाकाचे पुस्तकही लिहिले. आणि एवढे करून स्त्रियांना मताचा हक्क मिळावा याच्या मात्र ती विरुद्ध होती. माणूस एकाच रंगाचा नसतो, हे त्या पक्ष्याच्या गळ्यावरून बादशहालाही कळले होते.

या सणाचा संबंध 1621 साली प्लिमथला झालेल्या मेजवानीशी जोडतात. तीत टर्की होताच असे कागदोपत्री सिद्ध होत नाही. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात रानपक्षी मारून आणल्याचा उल्लेख आहे, आणि मूळ रहिवाशांनी पाच हरणे आणल्याचा. त्या मूळ रहिवाशांचे वंशज 1970 पासून त्याच दिवशी त्याच प्लिमथला जमून शोक पाळतात. एका घरचा सण दुसऱ्या घरचे सुतक असू शकते.

आता दुसऱ्या दिवसाकडे वळू. हा पक्षी भाजणे हे कुणालाही सोपे नाही. छातीचे मांस लवकर शिजते, मांडीचे उशिरा. मांडी होईपर्यंत छाती कोरडी पडते. गोठवलेला असेल तर थंड कपाटात दर दोन किलोला एक दिवस या हिशेबाने आधीपासून काढून ठेवावा लागतो. म्हणजे सहा किलोला तीन दिवस. एवढे करून पहिल्या दिवशी सारे वाहवा करतात, आणि शुक्रवारी सकाळी गृहिणीपुढे उरतो तो सांगाडा आणि ढीगभर मांस. खरा घरगुती टर्की इथे सुरू होतो. हाडे, कांदा, गाजर पाण्यात घालून मंद आचेवर सूप. बारीक तुकडे बटाट्याबरोबर तव्यावर परतून. पावाच्या दोन कापांत घालून. पांढऱ्या रश्श्यात शेवयांसारख्या इटालियन लांबोट्यांबरोबर भट्टीत भाजून. या शेवटच्या पदार्थाला लुइझा टेत्राझिनी या गायिकेचे नाव आहे. यातले काहीही अर्ध्या-पाऊण तासात होते, सूप तेवढे रेंगाळते, आणि त्याला पंगत लागत नाही.

व्यापाऱ्यांच्याही हे ध्यानात आले. 1953 साली स्वान्सन कंपनीने टर्कीचे काप, मक्याच्या पावाचे सारण, वाटाणे आणि रताळे असे ताट अॅल्युमिनियमच्या खणांत गोठवून विकायला काढले. सणानंतर खपाविना राहिलेल्या टर्कीमुळे ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात, आणि कल्पना कुणाची यावर भांडतातही. ते काही असले तरी दुसरा दिवस आता डब्यात मिळू लागला. पुढे तर टर्कीचा खिमाच बाजारात आला, आणि सणाची अटही उरली नाही.

हा खिमा मला ठाऊक झाला तो माझ्या धाकट्या बहिणीमुळे. म्हापशाला माझ्याबरोबर होती तीच. लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली, त्या वर्षी नोव्हेंबरात तिला कुणी ओळखीचे नव्हते. शेजारच्या एकट्या वृद्ध बाईने शुक्रवारी एका थाळीत टर्कीचे चार काप आणि एक तंगडी आणून दिली. बहिणीने चव घेतली. "ताई, भुसा ग नुसता!" असे मला फोनवर सांगितले. मी म्हटले, मावशींचे आठव. माडाचा शिर्का तिथे कुठला? मग तिने सुके खोबरे आणि कांदा भाजून वाटले, आईने बांधून दिलेला मालवणी मसाला घातला, तंगडी हाडासकट त्यात शिजवली आणि काप शेवटी नुसते गरम होण्यापुरते सोडले. मांस आधीच शिजलेले असते. ते पुन्हा उकळले की चिवट होते. रस्सा झाला. वाटीभर शेजारणीला नेऊन दिला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिखटाने की आणखी कशाने हे बहिणीला समजले नाही, पण वाटी रिकामी परत आली.

आता आठवड्यातून एकदा तिच्याकडे टर्कीचा खिमा होतो. चरबी कमी असते, म्हणून तेल थोडे सढळ, कांदा दुप्पट, आणि शेवटी मूठभर वाटाणे. मुले पोळीत गुंडाळून शाळेत नेतात. त्यांना तो परका पक्षी आहे हे सांगूनही पटत नाही.

दर वर्षी दिवाळीचा फराळ पाठवताना मी त्याच खोक्यात मसाल्याची एक पिशवी घालते. गेल्या वर्षी तिने सांगितले, "ताई, यंदा दोन पिशव्या पाठव. म्हातारी आता हाडे टाकत नाही, आमच्यासाठी राखून ठेवते."