विक्रीकर आणि कारागिराची मजुरी

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घराण्यांची उपजीविका पिढ्यानपिढ्या हातच्या कारागिरीवर चालत आली आहे. मालावरील कर मजुरीपर्यंत कसा पोहोचला, हे ज्ञातिबांधवांनी जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सन १९३५ च्या कायद्याने मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांस मिळाला. मद्रास प्रांताने १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. पुढे मद्रास सरकारने १९४७ च्या दुरुस्तीने बांधकामाच्या ठेक्यांवरही तो लादला. गॅनन डंकर्ले या कंपनीने त्यास हरकत घेतली. ठेकेदार विटा व चुना विकीत नाही, तो इमारत बांधून देतो. ठेका एकसंध असता त्यात मालाची विक्री कोठून आली, असा तिचा सवाल होता. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे ग्राह्य धरले.

हा विजय सुमारे पाव शतक टिकला. १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठेक्यातील मालाचे हस्तांतरण विक्रीच मानले गेले. मजुरी मात्र तेव्हाही विक्रीकराबाहेर राहिली. अखेर २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि माल व मजुरी दोन्ही एकाच कराच्या कक्षेत आली.

आज केवळ सेवा देणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेतो सामान्यतः नोंदणी लागत नाही. परंतु उलाढाल किती, हे वहीच सांगणार. ‘विक्री’ या एका शब्दाचा अर्थ विचारून तो लढा जिंकला गेला होता. आपल्या तरुण कारागिरांनीही हत्याराइतकीच हिशेबाची वही जपावी आणि कायद्याचा शब्द नीट वाचावा, हीच विनंती.