कोंबड्यांचे संकरण आणि पिलांची लिंगओळख

कोंबड्यांचे संकरण म्हणजे दोन भिन्न जातींच्या नर-मादीपासून संतती घेणे होय. काही ठरावीक संकरांत पिलू नर आहे की मादी, हे ते अंड्यातून बाहेर पडताच रंगावरून किंवा पंखाच्या पिसांवरून ओळखता येते. एरवी तुऱ्याची वाढ व पिसांची ठेवण यांवरून हा भेद स्पष्ट होण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत दाणा, जागा व लस यांचा खर्च सर्वच पिलांवर करावा लागतो आणि त्यांपैकी सुमारे निम्मी पिले नर निघतात. त्यामुळे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ही लवकरची ओळख महत्त्वाची ठरते.

आनुवंशिक आधार

पक्ष्यांमध्ये नराच्या पेशीत दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीच्या पेशीत एक झेड व एक डब्ल्यू असते. म्हणजेच पिलाचे लिंग कोंबड्यावर नव्हे, तर कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. मादी पिलाला झेड गुणसूत्र केवळ पित्याकडून मिळते. नर पिलाला ते दोन्ही पालकांकडून मिळते. झेडवर असलेल्या जनुकांना लिंगसहलग्न जनुके म्हणतात. पिसांवरील आडवे पट्टे, पिसांचा रुपेरी वा सोनेरी रंग आणि पिसे फुटण्याचा वेग ही गुणवैशिष्ट्ये अशा जनुकांवर अवलंबून असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम बेटसन याने कोंबड्यांच्या तुऱ्यांवर प्रयोग करून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे दाखवले. पुढे त्याचा सहकारी रेजिनाल्ड पनेट याने लिंगसहलग्न रंगांचा उपयोग पिले निवडण्यासाठी करून घेतला.

प्रमुख संकर

पट्टेदार संकर : ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा व पट्टेदार प्लिमथ रॉक जातीची कोंबडी यांची पिले काळी असतात. नर पिलाच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो. मादी पिलाच्या डोक्यावर तो नसतो. मोठेपणी नर पट्टेदार होतात, माद्या होत नाहीत.

सोनेरी-रुपेरी संकर : ऱ्होड आयलंड रेड कोंबडा व लाइट ससेक्ससारखी रुपेरी जनुक असलेली कोंबडी यांच्यापासून तांबूस लव असलेली मादी पिले व फिकट पिवळसर नर पिले मिळतात.

पिसांच्या वेगाचा संकर : पिसे लवकर फुटणाऱ्या वाणाचा कोंबडा व उशिरा फुटणाऱ्या वाणाची कोंबडी घेतल्यास मादी पिलाच्या पंखातील मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब दिसतात. नरात ती सारख्या लांबीची किंवा आखूड असतात. ही तपासणी पहिल्या एक-दोन दिवसांतच करावी लागते.

मर्यादा

या संकरांत पालकांची दिशा बदलून चालत नाही. कोंबडा पट्टेदार व कोंबडी साधी घेतली, तर सर्वच पिलांना पट्ट्याचे जनुक मिळते आणि भेद नाहीसा होतो. संकरित पिले मोठी झाल्यावर त्यांचे आपसांत मीलन घडवल्यास पुढच्या पिढीतही ही खूण टिकत नाही. म्हणून मूळ जाती वेगळ्या राखाव्या लागतात. पालकांचे रंग भिन्न असणे एवढेच पुरेसे नसते. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा व ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प कोंबडी यांची नर व मादी पिले काळीच असतात, परंतु डोक्यावरील ठिपक्याची खूण त्यांत मिळत नाही. व्हाइट लेगहॉर्नचा प्रबळ पांढरा रंग इतर रंग झाकून टाकतो. गावठी कोंबड्यांचे रंग मिश्र असल्याने त्यांच्या पिलांबाबत रंगावरून अंदाज बांधता येत नाही.

इतर पद्धती

जपानमधील संशोधकांनी १९२० च्या दशकात पिलाच्या अवस्करातील (मल, मूत्र व प्रजनन यांच्या सामाईक पोकळीतील) सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची पद्धत विकसित केली. ती कोणत्याही जातीला लागू पडते. मात्र तिला दीर्घ सराव लागतो व अननुभवी हातांनी पिलाला इजा होऊ शकते. अंडे टोकदार असल्यास कोंबडा आणि गोल असल्यास कोंबडी निघते, ही लोकसमजूत निराधार आहे. कोंबड्यांमध्ये उबवणीच्या तापमानानेही लिंग बदलत नाही.

भारत व महाराष्ट्र

इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील व कारी रेड यांपासून ‘निर्भीक’ आणि कडकनाथ व कारी रेड यांपासून ‘श्यामा’ हे संकर तयार केले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा ‘वनराजा’ परसातील पालनासाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांसह कोकणात परसात गावठी कोंबड्या पाळण्याची परंपरा जुनी आहे. येथे नर पिलू वाया जात नाही. मांसासाठी आणि ग्रामदेवतेच्या राखणीसाठी कोंबड्याला मागणी असते. संकरित कोंबड्या अंडी अधिक देतात, परंतु त्यांतील अनेक वाण खुडूक बसत नाहीत. त्यामुळे पिले मिळवण्यासाठी उबवणी यंत्रावर किंवा गावठी कोंबडीवर अवलंबून राहावे लागते. गावठी कोंबड्या सरसकट संकरित झाल्यास खुडूक बसण्याचा व परसात तग धरण्याचा गुण गमावण्याचा धोका असतो. मुरूड-रोहा परिसरातील फणसाड अभयारण्यात आढळणारा राखाडी रानकोंबडा हाही या कुळाचा ठेवा आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीतील पिवळेपणाचे जनुक याच प्रजातीकडून आले, असे जनुकीय संशोधनातून २००८ मध्ये दिसून आले.

नैतिक प्रश्न

अंड्यांसाठीच्या व्यापारी वाणांतील नर मांसासाठी फायदेशीर नसतात. त्यामुळे लिंग ओळखल्यानंतर जगभरात दरवर्षी अब्जावधी नर पिले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली. त्यानंतर पिलू बाहेर येण्यापूर्वी अंड्यातच लिंग ओळखण्याच्या तंत्रांना तेथे चालना मिळाली. अंडी व मांस या दोन्हींसाठी उपयुक्त असे दुहेरी वाण पाळणे हा दुसरा पर्याय मानला जातो. परसातील कुक्कुटपालनात तो पूर्वापार रूढ आहे.