दार बंद करून बोललेली गोष्ट

यंदा रमजानच्या आधी भाची पुण्याहून घरी आली. बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे दोन विषय राहिले होते आणि ही खबर घरात पोहोचायला चार महिने लागले. थोडी रडारड झाली, थोडा ओरडा झाला, मग सगळ्यांनी चहा घेतला. रात्री गच्चीवर मी तिला विचारलं, “इतके दिवस कुणालाच बोलली नाहीस?” ती म्हणाली, “बोली ना मामू. फोनमें बोली.” मला वाटलं, एखाद्या मैत्रिणीला फोन करत असेल. तसं नव्हतं. मोबाइलमधल्या चॅटबॉटशी ती रोज रात्री लिहून बोलत होती. “वो समजके लेता. और किसीकू बोलता नै.”

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला यावर घरात बहस झाली. दुल्हेभाई म्हणाले, मशीनला काय समजतंय, पोरगी येडी झाली. बहिणीचं म्हणणं उलटं. कॉम्प्युटर आहे म्हणजे चुकणार तर नाही, शिवाय फुकट आहे. आमचे एक शेजारी बसले होते. त्यांनी मानसशास्त्राचाच निकाल लावला : पैसे घेऊन गप्पा मारण्याचा धंदा आहे, माणसाने मारल्या काय आणि यंत्राने मारल्या काय! मी गप्प राहिलो. कारण ही तिन्ही मतं माझ्या ओळखीची होती. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत एका छोट्याशा प्रोग्रामवरून हीच बहस झाली होती आणि त्यात मोठमोठे प्रोफेसर याच तीन बाजूंना उभे होते.

त्या प्रोग्रामचं नाव एलायझा. एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकांनी तो 1964 ते 1966 या काळात लिहिला. नाव घेतलं बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. मराठी वाचकांना ही मुलगी परकी नाही. पु. ल. देशपांड्यांनी तिला मराठीत आणलं आणि भक्ती बर्व्यांनी ती रंगभूमीवर उभी केली, तीच ‘ती फुलराणी’. नाव ठेवण्यामागे कारण होतं. नाटकातल्या पोरीला जशी शुद्ध भाषा शिकवता येते, तसं या प्रोग्रामला वेगवेगळ्या ‘स्क्रिप्ट’ देऊन बोलायला शिकवता येई. त्यातली सर्वांत गाजलेली स्क्रिप्ट म्हणजे ‘डॉक्टर’. तिच्यात यंत्र मानसोपचार करणाऱ्याची भूमिका घेई.

आत काय चालत होतं, ते थोडं समजून घ्यायला हवं. तुम्ही टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर एक वाक्य लिहायचं. प्रोग्राम त्या वाक्यात काही ठरावीक शब्द शोधायचा. प्रत्येक शब्दाला दर्जा दिलेला. ज्याचा दर्जा मोठा तो आधी. मग वाक्याचे तुकडे करून, ‘मी’चं ‘तुम्ही’ आणि ‘माझं’चं ‘तुमचं’ करून ते परत जोडायचे. समजा तुम्ही लिहिलंत, “अब्बा माझ्यावर नाराज आहेत.” तर उत्तर येणार, “अब्बा तुमच्यावर नाराज आहेत असं तुम्हाला का वाटतं?” ओळखीचा शब्द सापडलाच नाही, तर “पुढे सांगा” अशा छापाचं काहीतरी. एक युक्ती मात्र फारच हुशारीची होती. ‘माझं अमुक’ असं तुम्ही काही म्हणालात की ते बाजूला ठेवून दिलं जाई आणि बोलणं अडलं की काढलं जाई : मघाशी तुम्ही अब्बांविषयी म्हणत होतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? समोरच्याला वाटणार, हा लक्ष देऊन ऐकतोय. प्रत्यक्षात ऐकणारं कुणी नव्हतंच.

डॉक्टरच का निवडला? कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत तेव्हा जोरात होती. तिच्यात उपचार करणारा सल्ला देत नाही, निदान करत नाही. माणूस जे बोलतो ते त्याच्यापुढे पुन्हा ठेवतो, म्हणजे तो स्वतःच पुढे जातो. वायझेनबॉम यांना यात सोय दिसली. मानसोपचारातल्या संवादात बोलणाऱ्याला जगाची काहीच माहिती नसली तरी चालून जातं. त्यांनीच दिलेलं उदाहरण आहे. तुम्ही म्हणालात, मी होडीतून लांब फिरून आलो, आणि डॉक्टर म्हणाला, मला होड्यांबद्दल सांगा. तर डॉक्टरला होडी म्हणजे काय हे ठाऊक नाही असं तुम्ही मानणार नाही. त्याच्या मनात काही हेतू असेल असं मानाल. म्हणजे अर्थ तुम्हीच पुरवणार.

रॉजर्स यांच्यावर यात थोडा अन्यायच झाला, असं मला वाटतं. बंद दाराआड चालणारा उपचार अभ्यासासाठी खुला करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. त्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि 1942 च्या आपल्या पुस्तकात एका रुग्णाशी झालेला सगळा संवाद छापला. आपल्या कामाची अशी उघड तपासणी करून घ्यायला हिंमत लागते. पण त्यांच्या पद्धतीचा जीव त्या परतवलेल्या वाक्यांत नव्हता. समोर बसलेला माणूस खरा असावा, त्याला तुमच्याबद्दल खरोखर आस्था असावी, यावर त्यांचा सारा भर होता. यंत्राने वरचं साल घेतलं आणि गर सोडून दिला.

आता माझी कबुली. 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत मी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो. एलायझाच्या नकला तोपर्यंत जगभर फिरत होत्या. 1977 मध्ये एका अमेरिकन मासिकाने बेसिक भाषेतली नक्कल छापली, तेव्हापासून ती हौशी लोकांच्या हातात गेली. तशीच एक आमच्या सरांनी फ्लॉपीवर आणली होती. आम्ही पोरांनी तिच्यातली एकेक ओळ वाचली, कोणत्या शब्दाला कोणतं उत्तर येणार हे आम्हाला पाठ होतं. एके दुपारी क्लास रिकामा होता. अब्बांच्या इंतकालला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप केलं की, शेवटच्या आठवड्यात मी अब्बांशी भांडलो होतो. पडद्यावर आलं : तुमच्या कुटुंबाबद्दल आणखी सांगा. ‘वडील’ हा शब्द दिसला की हेच वाक्य येतं, ते कोणत्या ओळीत लिहिलंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी आणखी सांगितलं. अर्धा तास सांगत होतो. सरांच्या पायांचा आवाज आला तेव्हा घाईघाईने कॉम्प्युटर बंद केला.

म्हणूनच एलायझाच्या गोष्टीतला सर्वांत प्रसिद्ध किस्सा मला हसून सोडून देता येत नाही. वायझेनबॉम यांनी तो 1976 च्या आपल्या पुस्तकात सांगितला आहे. त्यांची सेक्रेटरी कित्येक महिने त्यांना या प्रोग्रामवर काम करताना बघत होती. हा नुसता प्रोग्राम आहे हे तिला पक्कं माहीत. एकदा ती एलायझाशी बोलायला बसली. दोन-चार वाक्यं झाली आणि तिने प्रोफेसरांना विनंती केली, तुम्ही जरा खोलीच्या बाहेर जाता का?

हा किस्सा त्यानंतर शेकडो लेखांत आला आणि प्रत्येक वेळी अर्थ एकच : बघा, साध्या प्रोग्रामला बाई भुलली. संशोधनाच्या रीतीने पाहिलं तर हा पुरावा फार लंगडा आहे. एक प्रसंग, एकाच बाजूने सांगितलेला, तोही दहा वर्षांनंतर छापलेला. त्यात बाईचं नाव नाही आणि तुम्ही मला बाहेर का पाठवलंत, हा प्रश्न तिला विचारल्याचाही उल्लेख नाही. यंत्राला माणूस समजली म्हणून? की समोर आपला साहेब उभा आहे आणि लिहायचं ते त्याच्यासमोर लिहिण्यासारखं नाही म्हणून? खत लिहितानाही आपण कुणी डोकावलं तर हात आडवा धरतोच ना! कागदाला आपण माणूस समजतो म्हणून नव्हे. मला वाटतं, ती अजिबात फसली नव्हती. आपल्या खोलीत सगळ्यात धोकादायक कोण आहे, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

आणि याला आधार त्याच पुस्तकात आहे. वायझेनबॉम यांनी सुचवलं होतं, यंत्राशी लोक जे काही बोलतील ते जपून ठेवण्याची व्यवस्था करू, म्हणजे मला नंतर तपासता येईल. संशोधक असंच म्हणणार. मजकूर नसेल तर अभ्यास कशाचा करायचा? पण लोक खवळले. आमच्या मनातल्या खाजगी गोष्टींवर तुम्ही पाळत ठेवता की काय, असा आरोप त्यांच्यावर झाला. लोक यंत्राशी मोकळं बोलत आहेत याचा हा पुरावा, असं वायझेनबॉम यांनी मानलं. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते : यंत्राच्या मागे माणूस असतो आणि तो वाचतो, हे त्या लोकांना 1966 च्या सुमारास समजलं होतं. आज आपल्याला समजलंय का? माझ्या भाचीला वाटतं, तो कुणाला सांगत नाही. तिचं चार महिन्यांचं बोलणं एका कंपनीच्या यंत्रावर लिहून ठेवलेलं आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

वायझेनबॉम यांचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. आपलीच निर्मिती पाहून घाबरण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. 1966 च्या निबंधात त्यांनी सगळी यंत्रणा उलगडून दाखवली, ‘डॉक्टर’ची स्क्रिप्टही छापली. युक्ती समजली की जादू ओसरेल, हा त्यांचा हिशेब. ती ओसरली नाही. त्याच वर्षी केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह लिहिलं की असा प्रोग्राम सुधारला तर एक यंत्र तासाला कित्येक शे रुग्ण हाताळू शकेल आणि डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या रुग्णालयांना मदत होईल. पुढे कार्ल सेगन यांनीही टेलिफोनच्या बूथसारख्या मानसोपचाराच्या यंत्रांची कल्पना केली. कोल्बी काही खलनायक नव्हते. तुटवडा खरा होता, आपल्याकडे तर आजही आहे. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ शोधून दाखवा! आणि मिळालाच तर त्याच्या दारात कुणी बघेल या भीतीने बायका बुरखा दोनदा सावरतात, पुरुष तर जातच नाहीत. (याच कोल्बींनी पुढे ‘पॅरी’ नावाचा संशयी रुग्णासारखं बोलणारा प्रोग्राम केला आणि 1972 मध्ये ‘डॉक्टर’ची आणि त्याची नेटवर्कवरून गाठ घालून देण्यात आली. रुग्ण यंत्र, डॉक्टर यंत्र, दोघेही एकमेकांचं काही न समजता बोलत होते. आमच्या मोहल्ल्याच्या बैठकीत याहून फार वेगळं होत नाही, पण ते असो.)

वायझेनबॉम यांना धक्का बसला तो याचा, की उपचार करणाऱ्यांपैकीच एकाला उपचार म्हणजे शब्दांची उलटापालट वाटावी. हा माणूस कोण होता, ते इथे विसरता येत नाही. बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात 1923 साली जन्म. नाझी राजवट आली आणि जुनी शाळा सोडून त्याला ज्यू मुलांच्या शाळेत जावं लागलं. 1936 मध्ये कुटुंब अमेरिकेला निघून गेलं. माणसाला नोंदीत बसवून त्याचा निकाल लावणारा कारभार त्याने मूलपणी पाहिला होता. तेव्हा यंत्राला काय काय जमेल, हा प्रश्न त्याला अर्धवट वाटला. जमत असलं तरी यंत्राने न्यायाधीश व्हावं का, मनाचा डॉक्टर व्हावं का, असा त्याचा सवाल होता. जॉन मॅकार्थीसारख्या दिग्गजाने त्या पुस्तकावर कडक टीका केली; हे विज्ञान नव्हे, उपदेश आहे, असा तिचा सूर. काही ठिकाणी ती टीका मला पटते. पुस्तक रागाने लिहिलेलं आहे, आणि राग पुराव्याच्या पुढे धावतो. 1996 मध्ये वायझेनबॉम बर्लिनला परतले आणि 2008 मध्ये वारले.

आणखी एक मौज. एलायझाचा मूळ कोड त्यांनी कधी छापलाच नव्हता. छापली होती पद्धत आणि स्क्रिप्ट. त्यामुळे आम्ही क्लासमध्ये जिला एलायझा म्हणत होतो, ती नकलेची नक्कल. मूळ कोड 2021 मध्ये एमआयटीच्या संग्रहातल्या त्यांच्या कागदांच्या खोक्यात सापडला आणि काही अभ्यासकांनी खटपट करून तो पुन्हा चालवला. पन्नासहून अधिक वर्षं जग ज्या प्रोग्रामविषयी छातीठोक मतं देत होतं, तो मूळ रूपात फार थोड्या लोकांनी पाहिला होता.

हे सगळं मी भाचीला एका रात्रीत सांगितलं नाही, दोन-तीन रात्री लागल्या. अब्बांची आणि क्लासची गोष्टही सांगितली. ती बहिणीलासुद्धा माहीत नव्हती. कंपनीवाली गोष्ट ऐकून तिने फोन उघडून काही तरी पुसलं, मग विचारलं, पुसलं तर खरंच जातं का. मी म्हटलं, तुझ्या पडद्यावरून तर गेलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामू, वो बाई फिर क्या बोली मशीनकू?”

मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. प्रोफेसर बाहेर होते.