मधुमेह्याचे ताट : काल आणि आज

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिमेळाव्यात पंगत बसते आणि वाढणाऱ्यांच्या प्रेमळ आग्रहापुढे कोणाचे काही चालत नाही. आम्हांस मधुमेह जडून बारा वर्षे लोटली. या काळात ‘एका जिलबीने काय होते, गुरुजी?’ हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा लेखी द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच. परंतु उपदेशापूर्वी इतिहास सांगणे ही आमची जुनी मास्तरी खोड आहे. वाचक ती गोड मानून घेतील, अशी आशा आहे.

हा रोग नवा नव्हे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. रुग्णाच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे निरीक्षणही आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदविले आहे. रोगाची कारणे सांगताना चरकाने बैठे सुख, निद्रासुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली. ‘साखर सोडली, आता गुळाचाच चहा घेतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. पथ्याचे मुख्य अन्न म्हणून चरकाने जव सांगितला. सुश्रुताने तर निर्धन रुग्णास वहाण व छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावयास किंवा विहीर खणावयास सांगितले आहे. मात्र कृश रुग्णाची शक्ती जपावी, हेही त्याने बजावले. सर्वांना एकच पथ्य नाही, हा विवेक आपल्याकडे इतका जुना आहे.

युरोपात इ. स. 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने रुग्णाचे मूत्र आटवून त्यातील साखर दाखविली. पुढे 1797 मध्ये जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने धान्य व भाजीपाला जवळजवळ वर्ज्य करून मांसाहाराचे पथ्य प्रसिद्ध केले. 1870-71 मध्ये पॅरिस नगरीस वेढा पडला असता, अन्न तुटपुंजे झाल्याबरोबर आपल्या रुग्णांच्या मूत्रातील साखर घटल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्यास आढळले. याच दिशेने पुढे जाऊन अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने उपासमारीची चिकित्सा रूढ केली. तिने आयुष्य काही काळ लांबे; परंतु ते कसले आयुष्य! एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी अकराव्या वर्षी आजारी पडली. 1922 च्या ऑगस्टमध्ये, पंधरावे वर्ष सरत आले असता, तिचे वजन अवघे 45 पौंड, म्हणजे सुमारे 20 किलो भरले होते.

त्याच वर्षी दैव पालटले. टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी शोधलेले इन्सुलिन 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम टोचण्यात आले. एलिझाबेथलाही ते मिळाले आणि ती 1981 पर्यंत जगली. पथ्य मात्र संपले नाही. ते शिक्षेचे होते, ते हिशेबाचे झाले. 1950 मध्ये अमेरिकेत अदलाबदलीच्या याद्या निघाल्या. सारख्या मोलाचे पदार्थ एका गटात मांडावे आणि एकाऐवजी दुसरा घ्यावा, अशी ती युक्ती. 1981 मध्ये डेव्हिड जेन्किन्स यांनी दाखविले की, पिष्टमय अंश सारखाच असला तरी प्रत्येक पदार्थ रक्तातील साखर सारख्याच वेगाने चढवीत नाही.

हा इतिहास आमच्या घरातही घडला. आमचे वडील बंधू याच विकाराने गेले. त्यांचे ताट निराळे असे. सर्वांची पुरणपोळी आणि त्यांची एकट्याची कोरडी भाकरी. तो एकटेपणा असह्य होऊन ते लग्नकार्यांत सारे पथ्य मोडीत. आधी पायाची जखम चिघळली, मग दृष्टी गेली. आमच्यावर पाळी आली तेव्हा आम्ही उलट टोक गाठले. एका आषाढी एकादशीस साखर उतरविणारी गोळी घेतली आणि निर्जळी उपवास धरला. दुपारी घाम फुटला, हातपाय कापू लागले, शुद्ध हरपू लागली. सौभाग्यवतीने साखरेचे पाणी पाजले, म्हणून आज हे लिहीत आहोत. औषध घेणाऱ्याने वैद्यास विचारल्यावाचून उपवास करू नये, हा धडा आम्ही असा शिकलो. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास तरी कोठला सोपा? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच.

तेव्हापासून आमच्या घरी एकच स्वयंपाक होतो. निम्मे ताट भाजी व कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा घट्ट वरण, उरलेल्या पाव भागात ज्वारीची भाकरी अथवा थोडा भात. भात घेतला तर भाकरी कमी. वेळ ठरलेली, आणि जेवणानंतर थोडी शतपावली. हे ताट नातवंडांसही तेच, आणि कोणाची त्याविषयी तक्रार नाही.

म्हणून कार्यकारिणीस व माताभगिनींस आमची नम्र विनंती आहे. मेळाव्याच्या पंगतीत पक्वान्न अवश्य असावे. परंतु पानात भाजी, कोशिंबीर व उसळ आधी आणि भरपूर पडावी, पुरीबरोबर भाकरीही असावी. आग्रह करावयाचाच तर तो कोशिंबिरीचा करावा. ज्याने ‘पुरे’ म्हणून पानावर हात आडवा धरला, त्याचा हात कोणी बाजूस सारू नये. आमच्या बंधूंना असा शेजार लाभता, तर कदाचित ते आणखी काही वर्षे आमच्या पंक्तीस बसते. इत्यलम्.