पाटणचा मठ आणि आकर्षणाचा प्रश्न

खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें. लेखाच्या शेवटच्या मराठी ओळी सांगतात कीं, पेठेंत गिऱ्हाइकांकडून येणारें राजाचें उत्पन्न मठास द्यावें, आणि दर घाण्यामागें पळीभर तेल द्यावें. पाटणचा बाजार अशा रीतीनें खगोलविद्येचा योगक्षेम चालवीत होता.

त्या ग्रंथांतील मुख्य ‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० सालचा. पृथ्वी जड वस्तूंस स्वतःकडे ओढते. पण चहूंकडे आकाश सारखेंच असतां ती स्वतः कोठें पडणार, असा त्यांत तर्क आहे. त्या ओढीचें गणित न्यूटननें १६८७ सालीं दिलें; आईनस्टाईननें १९१५ सालीं तें नव्यानें मांडिलें. पुढें कोल्हापुरांत जन्मलेल्या जयंत नारळीकरांनीं फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ सालीं गुरुत्वाकर्षणाचा निराळा सिद्धांत पुढें ठेविला.

१९९८ सालीं दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत असल्याचें आढळलें. याचें कारण अज्ञात ‘कृष्ण ऊर्जा’ कीं गुरुत्वाचा नियमच अपुरा, याचा निर्णय झालेला नाहीं. ज्या विद्येसाठीं पाटणच्या तेल्यांनीं पळीपळीनें तेल द्यावयाचें होतें, तिचा तो जुना प्रश्न अद्याप संपलेला नाहीं.