हातगुण जन्मतः येत नाही, तो घडवावा लागतो

मंडळी, रोवणीच्या दिवसांत कंबर धरली किंवा बांधीत पाय मुरगळला, की आमच्या चोरखमाऱ्यात पहिला प्रश्न निघतो, ‘कोणाच्या हाताला गुण आहे जी?’ हातगुण म्हणजे देवाची देणगी, असं आपण धरून चालतो. इतिहास वेगळं सांगतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय पाहा. त्यात ‘योग्या’ म्हणजे हाताचा सराव सांगितलाय. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, काकडी. शीर उघडायला मेलेल्या जनावराची शीर नि कमळाचा देठ. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा. शिष्यानं कितीही शास्त्र वाचलेलं असो, हा सराव नसेल तर तो कामाला अयोग्य, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. पुढच्याच अध्यायात रोग ओळखण्याचे सहा मार्ग आहेत: पाच इंद्रियं आणि विचारपूस. म्हणजे स्पर्शही आलाच.

हेच अमेरिकेतही घडलं. अँड्र्यू टेलर स्टिल हा तेव्हाच्या औषधांवरचा विश्वास उडालेला डॉक्टर, हाडं बसवण्यासाठी नावाजलेला. त्यानं 1892 मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली. त्याचे सगळे दावे पुढे टिकले नाहीत. पण हात शिकवता येतो, ही गोष्ट टिकली. या विद्येत स्पर्शाचा एक साधा सराव आहे: कागदाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून बोटांनी शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. असं करत करत बोटं तयार होतात.

आपल्याकडे हाडं बसवणाऱ्यांची, सुईणींची विद्या मात्र बहुतेक घरातच राहिली. देणगी म्हटली, की ना कुणी शिकवत, ना कुणी तपासत. चांगला हात माणसाबरोबर जातो आणि चुकीचा हात तसाच चालू राहतो. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, रक्त अडलं, तर हात कापायची पाळी येते. बांधल्यावर बोटं गार, निळी किंवा सुन्न पडली, कळा वाढल्या, तर बांधणी तिथंच सैल करा आणि लगेच दवाखाना गाठा.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी गावच्या या जाणत्या हातांना बोलावून एवढं तरी शिकवावं: कुठं हात लावायचा नाही आणि रुग्ण कधी पुढं पाठवायचा. ग्रामसभेत ही मागणी मी मांडणार आहे. पटलं तर तुमच्याही गावात मांडा.